लक्ष देणे आणि लक्ष पुरणे : गिरणगावातील मागांचा एक जुना वाद

वर्गात शिकविताना आम्ही मास्तर मंडळी दिवसातून एकदा तरी विचारतो, 'लक्ष कुठे आहे?' हा प्रश्न नसून ठपका असतो, हे विचारणारा आणि ऐकणारा दोघेही जाणून असतात. दोन वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गात मागच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्या एका विद्यार्थ्यास आम्ही तो विचारला. उत्तर तास संपल्यावर मिळाले. लोअर परळमधील एका उंच इमारतीत तो रात्रपाळीचा सुरक्षारक्षक होता. सोळा चौकटींच्या पडद्यापुढे बसून जिने, दरवाजे आणि गाडीतळ पाहत राहणे हे त्याचे काम. 'सर, रात्रभर लक्ष देतो, मग इथे पुरत नाही,' एवढेच तो म्हणाला.

त्याच्या वाक्यातील दोन क्रियापदे आमच्या मनात राहिली. मराठीत लक्ष 'देतात', आणि लक्ष 'पुरते' किंवा 'पुरत नाही'. देणे ही इच्छेची बाब आहे. जो देत नाही तो दोषी. पुरणे ही साठ्याची बाब आहे. पीठ पुरत नाही, पगार पुरत नाही, तसेच लक्षही पुरत नाही, आणि त्यात दोष कोणाचा हे साठा आणि मागणी या दोहोंकडे पाहिल्यावाचून ठरविता येत नाही. भाषेने हा भेद केव्हाच करून ठेवला आहे. पण शाळा, कारखाना आणि कायदा यांच्या व्यवहारात तो बहुधा पुसला जातो. हाच भेद केंद्रस्थानी ठेवून शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात एक मोठा झगडा झाला होता, असे आमचे म्हणणे आहे. त्या झगड्याचा इतिहास मजुरीचा, बेकारीचा व लाल बावट्याचा म्हणून लिहिला गेला, आणि ते योग्यच आहे. येथे आपण तो डोळ्यांच्या बाजूने वाचून पाहू.

त्याआधी आपल्या परंपरेकडे एक दृष्टिक्षेप टाकावा लागेल. आपल्याकडे लक्षाचा आदर्श एकलक्ष्यी आहे. द्रोणाचार्यांच्या परीक्षेत झाड, फांदी, पक्षी हे सर्व पाहणारे शिष्य नापास होतात आणि केवळ पक्ष्याचा डोळा पाहणारा अर्जुन उत्तीर्ण होतो, ही कथा आपण सर्वांनी बालपणी ऐकली आहे. ज्ञानदेवही नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधान मागतात, तेही अविभक्त. अनेक गोष्टींवर एकाच वेळी अवधान ठेवणाऱ्याचे आपल्याला कौतुक वाटते, पण अपवाद म्हणून. १८८७ साली मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये श्रीमद राजचंद्र या विशीच्या आतील तरुणाने शतावधानाचा प्रयोग केला, तेव्हा त्याचा सार्वजनिक गौरव झाला. धोबी तलावाच्या त्या सभागृहात पाहणाऱ्यांना जे घडले ते अलौकिक वाटले. मात्र अवधानी पुरुषापुढे शंभर विषय येतात ते पाळीपाळीने येतात. ते त्याने स्मरणात धरून ठेवायचे असतात, आणि त्याचे उत्तर येईपर्यंत सभा थांबते.

तेथून उत्तरेस दोन-तीन मैलांवर, परळ-लालबागच्या गिरण्यांत, अनेक लक्ष्यांवर एकाच वेळी नजर ठेवण्याचे काम हजारो माणसे रोज दहा तास करीत होती. तेथे कोणी थांबत नव्हते. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी ताडदेव येथे स्थापली, तेव्हापासून तीन पिढ्यांत हे काम रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून आलेल्या माणसांच्या अंगवळणी पडले. मुंबईच्या साळखात्याची, म्हणजे विणकाम विभागाची, रूढ पद्धत एका विणकराकडे दोन माग अशी होती. पहिल्या महायुद्धानंतरची तेजी ओसरली, जपानी कापड बाजारात आले, आणि १९२७च्या टॅरिफ बोर्डाच्या चौकशीत कामगारांची 'कार्यक्षमता' हा कळीचा विषय झाला. मुंबईचा विणकर दोन माग सांभाळतो, लँकेशायरचा सर्रास चार सांभाळतो, अमेरिकेतला त्याहून कितीतरी अधिक, अशी तुलना मांडली जाऊ लागली. ई. डी. ससून गटाच्या गिरण्यांनी नवी योजना अंमलात आणली : विणकराकडे दोनाऐवजी तीन माग, कातणाऱ्याकडे यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन बाजू. १९२८च्या जानेवारीत या गटाच्या गिरण्यांत संप झाला. तो मिटला, पण एप्रिलच्या अखेरीस मुंबईतील जवळजवळ सर्व गिरण्यांचे सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले आणि ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत बाहेर राहिले.

या संपाचे मुख्य कारण पोट होते, हे आधीच नमूद करावयास हवे. तिघांनी सांभाळायचे सहा माग दोघांनी सांभाळले तर तिसरा रस्त्यावर येणार, हा हिशेब चाळीतल्या कोणालाही करता येत होता. जो कामावर राहणार त्याची एकूण मिळकत थोडी वाढणार होती, पण मागामागे मिळणारा दर उतरणार होता. तरीही संपाच्या वादात आणखी एक मुद्दा पुन्हा पुन्हा येत होता : सूत हलके आहे, धागे वारंवार तुटतात, आणि अशा सुतावर तिसऱ्या मागाकडे पाहणे माणसाला शक्य नाही. मालकपक्षाच्या मते हा आळसाला दिलेला मुलामा होता. तो खरोखर काय होता, हे समजण्यासाठी मागापाशी उभे राहावे लागेल.

साधा यांत्रिक माग दोन कारणांनी विणकराला आपल्याकडे बोलावतो. पहिले कारण बाणा. धोट्यातील कांडीवरचे सूत काही मिनिटांत संपते किंवा तुटते. बाणा नाहीसा झाला की मागाला बसविलेला एक लहानसा काटा ते ओळखतो आणि माग आपोआप थांबतो. विणकराने रिकामा धोटा काढून भरलेला घालायचा आणि माग पुन्हा सुरू करायचा. दुसरे कारण ताणा. ताण्याच्या शेकडो धाग्यांपैकी एक तुटला तर जुना साधा माग थांबत नाही. तो बिनदिक्कत चालू राहतो आणि तुटलेल्या धाग्याच्या जागी कापडात दोष विणत जातो. कधी तुटलेले टोक शेजारच्या धाग्यांत अडकून त्यांनाही तोडते. हे मागाला कळत नाही. ते डोळ्यालाच शोधावे लागते.

याचा साधा हिशेब मांडू. समजा, मिनिटाला धोट्याच्या १८० फेऱ्या होतात आणि इंचभर कापडात बाण्याचे ६० धागे बसतात. म्हणजे मिनिटाला तीन इंच कापड तयार होते. तुटलेला धागा वीस सेकंद दिसला नाही तर एक इंच दोष. समजा, विणकर प्रत्येक मागावर दहा सेकंद नजर ठेवतो. दोन माग असतील तर कोणताही माग दहा सेकंदांहून अधिक काळ नजरेआड राहत नाही. तीन असतील तर वीस सेकंद, चार असतील तर तीस. हाही केवळ पाहण्याचा हिशेब झाला. हात एका मागात गुंतले की बाकीचे सर्वच नजरेआड होतात.

त्या विद्यार्थ्याचे आजोबा साळखात्यात होते, आणि लालबागच्या एका चाळीत आम्ही त्यांना भेटलो. चार माग कसे बघत होता, असे आम्ही विचारले. 'बघायचं नाही, फिरायचं,' ते म्हणाले. जो एका जागी उभा राहून चारही माग बघू पाहतो तो दुपारपर्यंत दमतो. फेरी ठरलेली ठेवायची, पाय आपसूक चालले पाहिजेत, आणि थांबलेल्या मागाकडे लगेच धावायचे की फेरी पुरी करून जायचे हे त्या दिवशीच्या सुतावरून ठरवायचे. आवाजाचा उपयोग होत असे का, असेही आम्ही विचारले. शेकडो मागांच्या गदारोळातही आपला माग थांबल्याचे कानाला नव्हे, अंगाला कळते, असे त्यांचे उत्तर होते. हाताच्या बोटांनी त्यांनी खाटेच्या चार कोपऱ्यांभोवती ती फेरी काढून दाखविली.

आता प्रयोगशाळेकडे वळू, कारण या आजोबांना जे पायांनी माहीत होते ते मोजण्यास मानसशास्त्राला बराच काळ लागला. १८६८ साली डच शास्त्रज्ञ डॉन्डर्स यांनी दाखविले की एकाच ठरलेल्या संकेताला प्रतिसाद देण्यापेक्षा अनेकांतून एक ओळखून प्रतिसाद देण्यास अधिक वेळ लागतो. १८८५मध्ये जर्मनीत मर्केल यांनी दहापर्यंत पर्याय ठेवून हा वेळ मोजला, आणि १९५२मध्ये केंब्रिजच्या हिक यांनी त्यामागचा नियम मांडला : पर्याय दुप्पट झाले की प्रतिसादाचा वेळ दुप्पट होत नाही, एका ठरावीक मात्रेने वाढतो. दोनाचे चार होताना जेवढी भर पडते तेवढीच चाराचे आठ होताना पडते. वरवर पाहता हे मालकांच्या बाजूचे वाटेल. मात्र येथे मोजलेला वेळ सेकंदाच्या अंशांत आहे, आणि संकेत डोळ्यांसमोर ठळकपणे येतो आहे. कोणता माग थांबला हे ओळखण्यास लागणारा वेळ विणकराच्या दिवसात फारसा मोजावा लागत नाही. त्याची अडचण वेगळी आहे.

लक्ष्ये वाढली की प्रतिसाद कधी कधी अधिक जलद होतो, हेही खरे आहे. समजा, लालबागच्या गणपतीच्या गर्दीत आपले चार मित्र आले आहेत आणि त्यांपैकी कोणीही एक भेटला तरी चालणार आहे. एकच मित्र आला असता तर जेवढा वेळ लागला असता त्याहून लवकर कोणीतरी दिसेल. चौघांची जणू शर्यत लागते आणि जो प्रथम नजरेस पडेल तो जिंकतो. १९६२मध्ये राब यांनी या शर्यतीचे संख्याशास्त्रीय स्पष्टीकरण दिले. पण त्याच गर्दीत चार लहान मुलांना घेऊन गेलो आहोत आणि चौघेही सतत नजरेसमोर हवेत, अशी स्थिती असेल तर? लक्ष्ये चारच आहेत, गर्दी तीच आहे, काम मात्र पार बदलले. 'कोणीही एक' आणि 'प्रत्येक' यांतले हे अंतर आहे. गिरणीच्या मार्गिकेत उभा असलेला पर्यवेक्षक विणकराला नेहमी कोठल्या ना कोठल्या मागाकडे वळताना पाहतो. त्याला काम चालू दिसते. विणकराच्या मनात मात्र जे माग त्या क्षणी दिसत नाहीत त्यांची धास्ती असते.

डोळ्यांपुढे काय आपणहून उभे राहते आणि काय शोधावे लागते, याचा भेद अ‍ॅन ट्रीझमन व गेलाड यांनी १९८०मध्ये स्पष्ट केला. हिरव्या ठिपक्यांत एक लाल ठिपका असेल तर ठिपके कितीही वाढवा, लाल लगेच दिसतो. पण रंग आणि आकार यांच्या जोडणीवरून ओळखायची वस्तू असेल तर भोवतालच्या प्रत्येक वस्तूगणिक शोधाचा वेळ वाढत जातो. थांबलेला माग हा पहिल्या जातीचा संकेत आहे. चालत्या मागातील तुटलेला धागा, शेकडो धाग्यांतला एक, त्याच रंगाचा, दुसऱ्या जातीचा. माग वाढविले की पहिल्या जातीचे काम थोडे वाढते आणि दुसऱ्या जातीचे काम प्रत्येक मागागणिक वाढते. संपकऱ्यांचे सुताबद्दलचे म्हणणे या भेदाच्या प्रकाशात वाचले की ते सबब वाटत नाही. वाईट सूत म्हणजे शोधायच्या लक्ष्यांची वाढ.

आणखी दोन गोष्टी नोंदविण्याजोग्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यापुढे बसणारे सैनिक काही काळाने संकेत का चुकवितात, याचा अभ्यास मॅकवर्थ यांनी केला आणि १९४८मध्ये तो प्रसिद्ध झाला. घड्याळासारख्या काट्याची क्वचित होणारी दुहेरी उडी टिपणे एवढेच काम असता पहिल्या अर्ध्या तासानंतर चुका वाढल्या. तो प्रयोग दोन तासांचा होता. १९२२च्या कारखाना कायद्यानुसार मुंबईच्या कामगारास आठवड्याला साठ तासांपर्यंत काम देता येत होते. १९८८मध्ये पिलिशिन व स्टॉर्म यांनी पडद्यावर फिरणाऱ्या एकसारख्या चिन्हांतून काही निवडून त्यांचा डोळ्यांनी माग काढण्यास सांगितले, तेव्हा माणसे चार-पाच चिन्हांपर्यंत बऱ्यापैकी टिकली. यावरून 'चार माग शक्य होते' असा निष्कर्ष कोणी काढू नये. ती चिन्हे काही सेकंद एकाच पडद्यावर फिरत होती. कोणाला पाठ फिरवून त्यांच्यात कांडी भरायची नव्हती.

पाठ फिरविण्याचे गणितही पुढे झाले, आणि ते बऱ्याच अंशी कापडधंद्यातूनच आले. समजा, एका मागाला तासातून बारा मिनिटे हाताचे काम लागते. चार मागांना अठ्ठेचाळीस मिनिटे. कागदावर बारा मिनिटे शिल्लक उरतात. परंतु माग रांगेत उभे राहून आपली पाळी येण्याची वाट पाहत नाहीत. दोन एकाच वेळी थांबतात, मग बराच वेळ एकही थांबत नाही. एकाकडे हात गुंतले असता दुसरा थांबून राहतो तो वेळ वाया जातो, आणि माग वाढविले की हा वाया जाणारा वेळ कामाच्या प्रमाणापेक्षा अधिक वेगाने वाढतो. स्वीडनचे पाम यांनी १९४७मध्ये आणि इंग्लंडचे बेन्सन व कॉक्स यांनी १९५१मध्ये याची सूत्रे मांडली. त्यांपैकी कॉक्स हे लीड्स येथील लोकर-उद्योगाच्या संशोधनसंस्थेत काम केलेले संख्याशास्त्रज्ञ होते. ही गणिते मजुरांची कैवारी नव्हती. गिरणीला किती माग फायद्याचे ठरतील हे शोधण्यासाठीच ती होती. आणि तरीही त्यांचे उत्तर 'जितके अधिक तितके चांगले' असे आले नाही.

मग अमेरिकेतील विणकर डझनावारी माग कसे सांभाळत होता? १८९०च्या दशकात आलेल्या नॉर्थ्रॉप मागात कांडी संपली की भरलेली कांडी यंत्रच घालत असे, आणि ताण्याचा धागा तुटला की माग थांबत असे. प्रत्येक धाग्यावर लोंबणारी एक पातळ पट्टी धागा तुटताच खाली पडे आणि मागाला थांबवी. म्हणजे जे शोधावे लागत होते ते हाक मारू लागले होते. अमेरिकन विणकराच्या लक्षाचा मोठा भाग यंत्रात बसविलेला होता, आणि तुलनेच्या तक्त्यात मात्र फक्त माणसांची व मागांची संख्या येत होती. गंमत म्हणजे ज्या लँकेशायरचा दाखला मुंबईला दिला जाई, तेथेच विणकरांना चाराऐवजी सहा-आठ साधे माग देण्याची योजना आली तेव्हा १९३१-३२मध्ये बर्नली परिसरात मोठे झगडे झाले. आपल्याकडे याचा वेगळा प्रयोग १९५३मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये झाला. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे राइस यांच्या सल्ल्याने तेथे स्वयंचलित मागांचा गट माणसांच्या एका गटाकडे सोपविण्यात आला. माणसामागे माग मोजण्याऐवजी काम गटाने आपसांत वाटून घेतले, तेव्हा उत्पादन सुधारले आणि खराब कापड कमी झाले.

खराब कापडाचा उल्लेख आला तेव्हा या वादातील सर्वांत तिखट भागाकडे येऊ. मुंबईच्या अनेक गिरण्यांत दोष असलेले कापड विणकराच्याच माथी मारण्याची पद्धत होती. कापड त्याच्या हवाली करायचे आणि किंमत पगारातून कापून घ्यायची. दंड वेगळा. या कापाकापीविरुद्धचा रोष गिरणगावात जुना होता, आणि संपाच्या मागण्यांतही तो आला. आता वरचा हिशेब आठवावा. माग वाढविण्याचा निर्णय एकाचा, सूत हलके घेण्याचा निर्णय त्याच एकाचा, आणि त्यातून जो धागा नजरेतून निसटला त्याची किंमत दुसऱ्याच्या पगारातून. दंडाच्या वहीत या निसटण्याचे नाव 'दुर्लक्ष' असे होते. पुढे १९३६च्या वेतन-प्रदान कायद्याने दंडाला मर्यादा घातली आणि नुकसानीबद्दल पगार कापायचा तर ते नुकसान कामगाराच्या हयगयीमुळे वा कसुरीमुळे झालेले असले पाहिजे, अशी अट आली. ही प्रगती होतीच. मात्र हयगय म्हणजे काय, लक्ष दिले नाही की लक्ष पुरले नाही, हा प्रश्न कायद्याच्या शब्दांत तसाच राहून गेला.

डोळ्यांच्या या इतिहासात आणखी एक अप्रिय पान आहे, आणि ते मालकांच्या वहीतले नाही. साळखात्यातील काम गिरणीतील चांगल्या मजुरीचे मानले जाई, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना तेथे प्रवेश नव्हता. कारण असे सांगितले जाई की धोट्याच्या भोकातून, ज्याला धोट्याचा डोळाच म्हणता येईल, सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागते. धोटे हातोहाती फिरतात. तेव्हा विटाळ होतो. १९२८च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे रोखठोकपणे ठेवला. दोन मागांवर किती लक्ष पुरते याचा वाद चालू असता, कित्येकांना त्या मागापाशी उभे राहून आपले लक्ष पुरते की नाही हे सिद्ध करण्याचीही संधी नव्हती. 'कौशल्य' हा शब्द आपण फार सहज वापरतो. कोणाच्या डोळ्याला कुशल म्हणायचे हे गिरणगावात तरी केवळ डोळ्यावरून ठरत नव्हते.

संपाची अखेर सर्वश्रुत आहे. तडजोड होऊन न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. १९२९मध्ये तिने अहवाल दिला आणि कार्यक्षमतेच्या योजनेचे तत्त्व एकंदरीत मान्य केले. त्याच वर्षाच्या मार्चमध्ये मीरत खटल्यासाठी देशभर धरपकड झाली, तीत डांगे, निंबकर, मिरजकर यांच्याबरोबर गिरणी कामगारांचे नेते अर्जुन आत्माराम आळवे हेही होते. आळवे स्वतः गिरणीत काम केलेले. पक्ष्याचा एकच डोळा पाहणारा अर्जुन पुराणातला. हा अर्जुन अनेक मागांमध्ये उभा राहिलेल्यांचा प्रतिनिधी. १९२९चा दुसरा सार्वत्रिक संप विस्कटला, १९३४च्या संपानेही चित्र पालटले नाही, आणि विणकरामागे मागांची संख्या वाढत गेली. पुढची पिढी चार मागांवर आली. आमच्या विद्यार्थ्याच्या आजोबांची फेरी ही त्या पराभवानंतर माणसांनी अंगात मुरविलेली युक्ती होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर ती फेरी थांबली ती कायमची.

साहित्याच्या अभ्यासकांनी या साऱ्यात का पडावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. आमच्या मते आपल्या गिरणगावविषयक साहित्याच्या वाचनात एक उणीव राहिली आहे. मामा वरेरकरांनी गिरणी कामगारांवरील कादंबरीला 'धावता धोटा' हे नाव दिले, म्हणजे मागाची गती त्यांच्या कानाला जाणवली होती. गिरणी कामगाराच्या घरी वाढलेल्या नारायण सुर्व्यांची 'माझे विद्यापीठ' मधील कविता, स्वतः काही काळ गिरणीत राबलेल्या अण्णाभाऊ साठ्यांचे लेखन, जयंत पवारांचे 'अधांतर' ही आपण वर्गात शिकवितो. शिकविताना आपण भूक, भोंगा, चाळ, संप, बेकारी हे विषय काढतो. कामाचे तास सांगतो. पण त्या तासांत डोळे काय करीत होते, हे विचारत नाही. घामाला आपल्या समीक्षेत जागा आहे. नजरेच्या श्रमाला अजून नाही. त्यामुळे पाळीवरून आलेल्या कामगाराच्या घरातील गप्पपणा, त्याची चिडचिड, दिव्याकडेही न पाहवणे, अशा जागा आल्या की आपण त्या दारिद्र्याच्या किंवा स्वभावाच्या खात्यावर टाकून पुढे जातो. लक्ष हेही खर्ची पडणारे धन आहे आणि ते घरी आणता येत नाही, अशा दृष्टीने त्या जागा पुन्हा वाचून पाहाव्यात.

ही केवळ गतकाळाची बाब नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांवर एका कामगाराकडे चार, सहा, कधी आठही माग असतात. गिरणगावात तर मागच उरले नाहीत. फिनिक्स मिलच्या जागी बाजार उभा राहिला, कमला मिलच्या आवारात कचेऱ्या व उपाहारगृहे आली, दादरच्या इंदू मिलची जमीन बाबासाहेबांच्या स्मारकासाठी गेली. पण त्याच परिसरातल्या इमारतींच्या तळघरांत आणि दरवाज्यांवर विणकरांचे नातू पडद्यांसमोर बसतात. त्यांच्या सोळा चौकटींत बहुतेक वेळ काहीच घडत नाही. जे घडते ते आपणहून हाक मारत नाही, आणि जे निसटते त्याची नोंद दुसऱ्या दिवशी 'दुर्लक्ष' म्हणून होते.

त्या विद्यार्थ्याची परीक्षा झाली. तो उत्तीर्ण झाला, आणि अजून त्याच नोकरीत आहे. आजोबांना भेटून परतताना आम्ही त्याला विचारले की रात्री तो सोळा चौकटी कशा पाहतो. त्याने हसून बोट हवेत फिरवले : डावीकडून उजवीकडे, मग खालची ओळ, मग तिच्या खालची. आजोबांनी खाटेभोवती काढून दाखविली तीच फेरी होती. फक्त पाय उरले नव्हते. आम्ही अजूनही वर्गात 'लक्ष कुठे आहे?' असे विचारतो, सवय जात नाही. पण आता उत्तरासाठी थोडे थांबतो.